शून्याच्या खालची ओळ

गारा पडल्या तेव्हा मी वर्कशॉपच्या पत्र्याखाली बावीस पोरांना कानस कशी धरायची ते पाचशेव्यांदा सांगत होतो. पत्र्यावर असा काही धडधडाट सुरू झाला की माझं मलाच ऐकू येईना. दहा मिनिटांनी थांबल्यावर रेवती दारात जाऊन उभी राहिली. बाहेर अंगणभर बोराएवढ्या गारा पसरल्या होत्या. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, गहू गेला."

वर्गात मला 'सर' म्हणायचं असं मी तिला बजावून ठेवलेलं होतं. त्या दिवशी मी तिच्या शेजारी दारात जाऊन उभा राहिलो.

रेवती माझ्या थोरल्या भावाची, मधुकरदादाची मुलगी. आम्ही फणसे मूळचे उज्जैनकडचे. आजोबांनी इथं भोपाळजवळ जमीन घेतली. आनंद नगर ओलांडून रायसेन रोडनं पुढं गेलं की उजवीकडं कच्चा रस्ता फुटतो, त्याच्या टोकाला आमचं घर, सहा एकर जमीन आणि तीन म्हशी. घरात दादा, इंदुमतीवहिनी, रेवती आणि मी. माझं लग्न राहून गेलं. चौदा वर्षं मी जवळच्याच एका खासगी आयटीआयमध्ये फिटरचा मास्तर आहे आणि चौदा वर्षं नोकरी कच्चीच आहे. कच्च्या नोकरीवाल्याला मुलगी कोण देतो! पक्की होईल, मग बघू, असं करता करता शेहेचाळीस झालो.

रेवतीला फिटरला घातलं ते माझ्या हट्टानं. दादा म्हणाला होता, "एकवीस पोरांत एकटी पोरगी? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक काय म्हणायचंय ते म्हणतील, तिचा हात बघ." खरंच, असा हात मी पाहिला नाही. लोखंडाचा तुकडा शिकंज्यात धरून ती कानस अशी सरळ फिरवायची की काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडासमोर धरला तर मधून प्रकाशाची रेघ येत नसे. पण मी कधी शाबास म्हटलं नाही. घरची म्हणून सूट दिली, असं कुणी बोलायला नको. उलट इतरांना एकदा ओरडायचो तिथं तिला दोनदा ओरडायचो. मी सरळ माणूस आहे, याचा मला भारी अभिमान होता. आता तो शब्द तोंडात घ्यायची लाज वाटते.

घरी आलो तर दादा बांधावर उकिडवा बसलेला. गहू सगळा आडवा झाला होता. आडव्या गव्हाला हार्वेस्टर चालत नाही, त्याची पाती वरूनच जातात. आणि ओल्या जमिनीवर ओंब्या पडून राहिल्या की चार दिवसांत दाण्याला कोंब फुटतो. विळ्यानं कापण्यावाचून इलाज नव्हता. मजूर शोधायला दादा दोन गावं हिंडला. पण सगळ्यांचाच गहू झोपलेला, मजूर येणार कुठून?

"आपणच लागू," वहिनी म्हणाल्या, आणि पदर खोचून विळे काढून आणले.

सकाळी सहापासून आम्ही चौघं वाकायचो. मी साडेनऊला संस्थेत जायचो, चारला येऊन पुन्हा वाकायचो. आडव्या गव्हाची मूठ धरता येत नाही, आधी चिखलातनं उपसावी लागते. दुसऱ्याच दिवशी रेवतीच्या तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. करंगळीला विळा लागला, त्यावर तिनं ओढणीची चिंधी बांधली आणि कापत राहिली. तिची हजेरी पुरेशी झालेली होती म्हणून तिला घरीच ठेवलं.

तिचा परीक्षेचा जॉब, म्हणजे खाचेत घट्ट बसणारा लोखंडी चौकोन, गारांच्या आधीच झाला होता. मी तो मोजून माझ्या कपाटात ठेवला होता. पन्नासपैकी सेहेचाळीस. मनात म्हटलं, पोरी, जिंकलीस. राहिली होती फक्त प्रॅक्टिकलची वही. चोवीस जॉबांची चित्रं आणि मापं. तिची सोळा झाली होती.

"वही केव्हा देणार?" मी शेतात विचारलं.

"काका, हात बघा ना," ती म्हणाली. "पेन्सिल पकडली की दुखतंय यार. दो दिन रुको."

वाकलेलीच होती ती. मला राग आला. हातावर नाही, त्या 'यार'वर.

आता ते नव्या परीक्षेचं सांगतो. आमच्या भागात परीक्षेवर लोकांचा विश्वास उरलेला नव्हता. पेपर आधी फुटायचे, मार्क नंतर वाढायचे. आमच्याच संस्थेत एका बाबूनं रजिस्टरात तीनाचे आठ केले होते आणि ते मी पकडून दिलं होतं. म्हणून यंदा मार्क नोंदवायला ब्लॉकचेन आली तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या मीच वाजवल्या. शिकवायला आलेल्या मुलानं छान सांगितलं. म्हणाला, समजा गावात एक पंचनामा झाला आणि त्याची नक्कल एकाच वेळी शंभर घरांत गेली. मग एका घरातला कागद बदलून काय उपयोग? आणि प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीला साखळीसारखी जोडलेली. मास्तरनं मोबाइलवर मार्क भरायचे, अंगठ्याच्या मशिनवर अंगठा ठेवायचा, झालं. कंपनीवाला सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड मोबाइलनं टिपेल आणि त्याला सगळं दिसेल.

"आणि चूक झाली तर?" कुणीतरी विचारलं.

"सात दिवसांत दुरुस्ती करता येते, सर. फक्त कारण निवडायचं."

मी तेवढंच ऐकलं, दुरुस्ती करता येते. नंतर समोसे आले.

आमच्याकडं मास्तरांची एक जुनी पद्धत आहे. ज्याची वही आली नाही त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं शून्य मांडायचं आणि ते त्याला दाखवायचं. पोरगं घाबरतं, दोन दिवसांत वही आणतं. मग शून्य खोडून खरे मार्क शाईनं लिहायचे. माझ्या मास्तरांनी मला असंच शून्य दाखवलं होतं. चौदा वर्षांत मी शंभर शून्यं मांडली असतील आणि शंभरही खोडली.

शेवटच्या तारखेला मी मोबाइल काढला. एकवीस पोरांचे मार्क भरले. रेवती फणसे या नावापुढं शून्य टाकलं. अंगठा ठेवला तर मशीन घेईना. तीस वर्षं कानस चालवून माझ्या अंगठ्यावरच्या रेघाच झिजल्यात. ऑफिसातला गोविंद बाबू म्हणाला, "सर, ओल्या फडक्यानं पुसा, मग दाबून धरा." तसं केलं. मशीन टुंग वाजलं.

संध्याकाळी शेतात जाऊन रेवतीला म्हटलं, "शून्य टाकलंय तुला. वही आण."

ती सरळ उभी राहिली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

"भाऊजी, असं काय करता?" वहिनी पेंढी बांधता बांधता म्हणाल्या. "पोरगी मरमर मरतेय इथं."

"नियम म्हणजे नियम, वहिनी. उद्या कुणी म्हणायला नको, काकानं सांभाळून घेतलं."

रेवती पुन्हा वाकली. पुढचे तीन दिवस दुपारी सगळे सावलीत आडवे झाले की ती पेंढ्यांना टेकून चित्रं काढत बसायची. घामानं कागद ओला होऊ नये म्हणून मनगटाखाली वर्तमानपत्र घ्यायची. चौथ्या दिवशी थ्रेशर लागला होता, भुसा उडत होता, तेव्हा तिनं वही आणून दिली. काही पानांवर तळहाताच्या रक्ताचे ठिपके होते. चित्रं मात्र सुबक.

मी खळ्याच्या कडेला खाटेवर बसलो, संस्थेतनं आणलेलं अंगठ्याचं मशीन जोडलं आणि मोबाइल उघडला. रेवती फणसे, शून्य. खोडायला गेलो तर खोडायची सोयच नाही. शून्य तिथंच. त्याच्या खाली नवी कोरी ओळ उघडली. तीत सेहेचाळीस भरले. मग मोबाइल विचारायला लागला, कारण? दोनच पर्याय होते. एक, परीक्षकाची चूक. दुसरा, विद्यार्थ्याच्या विनंतीवरून.

गोविंद बाबूला फोन केला. तो आवाज बारीक करून म्हणाला, "सर, अपनी गलती मत डालना. ती एंट्री सीधी वर जाते, नोटीस निघते. तुमची पक्की व्हायची फाइल सध्या वरच पडलीय ना? चौदा साल बाद पहिल्यांदा हलली आहे. दुसरं टाका. उससे किसी को क्या फरक पड़ता है?"

समोर दादा थ्रेशरच्या तोंडात पेंढ्या ढकलत होता. यंदा गहू अर्धाही येणार नव्हता. माझी नोकरी पक्की झाली तर घराला टेकू मिळेल, हा विचार मनात आला. आला, की मी आणला, कोण जाणे. मी दुसरा पर्याय निवडला.

अंगठा ठेवला. मशीन घेईना. पुन्हा ठेवला. नाहीच.

"थांबा काका, तुम्हाला नाही जमत." रेवती भुशानं माखलेली आली. ओढणीचं टोक तांब्यात बुडवून तिनं माझा अंगठा नीट पुसला, फुंकर मारली आणि आपल्या हातांनी मशीनवर दाबून धरला. स्क्रीनकडं तिनं पाहिलंही नाही. टुंग वाजलं.

"झालं?"

"झालं," मी म्हटलं. "सेहेचाळीस."

ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिचे मार्क तिला तोंडानं सांगितले होते.

निकाल लागला. रेवती संस्थेत दुसरी आली. मंडीदीपच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात वीस अप्रेंटिस घेणार होते. नंतर त्यातलेच कायम होतात. तिनं अर्ज केला. वहिनींनी तिच्यासाठी निळा कुर्ता शिवून घेतला. दादा कधी नाही तो गावात सांगत सुटला, "आमची रेवती मशीनवर जाणार."

बोलावणं आलं नाही. वाट बघून मीच तिला मोटारसायकलवर घेऊन मंडीदीपला गेलो. तिनं तो लोखंडी चौकोन फडक्यात गुंडाळून बरोबर घेतला होता. दोन तास गेटवर बसवलं, मग आत सोडलं. भरतीचे साहेब उदय नावाचे, पुण्याहून बदलून आलेले. नाव ऐकून मराठीतच बोलले.

"बसा ना. फणसे सर तुम्हीच? आणि ही रेवती." त्यांनी स्क्रीन आमच्याकडं वळवली. "मार्क उत्तम आहेत. पण हे बघा. आधी शून्य. चार दिवसांनी सेहेचाळीस. कारण, विद्यार्थ्याच्या विनंतीवरून. परीक्षक, गिरीश फणसे. विद्यार्थिनी, रेवती फणसे."

दोन्ही आडनावांवर त्यांनी एकेकदा बोट ठेवलं.

रेवतीनं फडकं सोडलं आणि चौकोन टेबलावर ठेवला. "साहेब, हा माझा जॉब."

उदय साहेबांनी ड्रॉवरमधून गुण्या काढला, चौकोनाला लावून खिडकीकडं धरला. बराच वेळ बघितलं. "सुरेख आहे," ते म्हणाले. "पण हा तू केलास, हे मला कसं कळणार?"

"कानस द्या. आत्ता करून दाखवते."

"बाळा, तसं करता येत नाही. वीस जागांना सहाशे अर्ज आलेत. ज्यांच्या ओळीत दुरुस्ती असते ते आम्ही बाजूला ठेवतो." मग ते माझ्याकडं वळले. "माझा आरोप नाही, सर. पण ही विनंती नेमकी काय होती? तुम्ही सांगा, मी लिहून घेतो आणि वर विचारतो."

माणूस चांगला होता. पेन उघडून बसला होता. रेवतीही माझ्याकडं बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं मला. साहेब, विनंती नव्हती, चूक माझी. बस, एवढंच. पण ते लिहून घेणार होते. कागद वर जाणार होता. माझी फाइलही वरच होती.

"वही राहिली होती तिची," मी म्हटलं.

त्यांनी पेन बंद केलं. रेवतीनं चौकोन पुन्हा फडक्यात बांधला, दोन गाठी मारल्या. त्यांच्यासमोर ती एक शब्द बोलली नाही. माझी अब्रू तिनं राखली, आणि मी ती राखू दिली.

परत येताना भोपाळच्या बाहेरच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती. मागून तिनं विचारलं, "काका, मी विनंती कधी केली होती?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि गाडी जोरात काढली.

दारात वहिनी उभ्याच होत्या. "काय झालं गं?"

"जागा भरल्या, आई," रेवती म्हणाली आणि निळा कुर्ता बदलायला आत गेली.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी चपला काढत बसलो. चपला काढायला कितीसा वेळ लागतो, पण मी बराच वेळ लावला.

मग सोयाबीनच्या पेरणीचे दिवस आले. रेवती बियाणाची पोती डोक्यावरून बांधावर न्यायची, म्हशींना पाणी दाखवायची, शेण काढायची, गोवऱ्या थापायची. तिच्या हातावरचे कानशीचे घट्टे जाऊन दुसरेच घट्टे पडले. माझ्याशी ती नीट बोलायची, चहा आणून द्यायची. तेच सोसवत नव्हतं. एकदा तरी ओरडायला हवं होतं तिनं.

तो लोखंडी चौकोन वहिनींनी दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवला. मांजर झाकण पाडायचं म्हणून. जड होता, उपयोगी पडला. रोज सकाळी चहाला दूध घ्यायचं म्हणजे आधी तो उचलायचा. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. पण रोज सकाळी तो गार तुकडा माझ्या हाताला लागायचा.

शेवटी मी प्रिन्सिपल नलिनी मॅडमकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"दुरुस्तीची मुदत संपली, फणसे. पण निवेदनाची ओळ परीक्षक कधीही जोडू शकतो. फक्त एक सांगते. महिनाभरात तुमची ऑर्डर यायची आहे. ती येऊ दे, मग लिहा. तोपर्यंत काय बिघडतंय?"

आणि मी थांबलो. लपवायचं कशाला, खरंच थांबलो. एक आठवडा, दोन आठवडे. ऑर्डर येईना. रोज मनात म्हणायचो, आली की त्याच दिवशी लिहीन. मग एका सकाळी चौकोन उचलला तर खालची बाजू तांबूस. दुधाच्या वाफेनं गंज धरला होता. त्या बाजूवर तिनं अकरा दिवस कानस चालवली होती. मी तिथंच ओट्यापाशी उभा राहिलो. चहा घेतला नाही.

मशीन घेऊन गोठ्याकडं गेलो. रेवती धार काढत होती. दगडावर बसून मी मोबाइलवर लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. इथवर खोडता येतं, अंगठ्याच्या आधी. मग अंगठा ठेवला. मशीन घेईना. शर्टाला पुसून ठेवला, भिंतीवर घासून ठेवला. नाही म्हणजे नाही.

रेवती बादली बाजूला ठेवून आली. सवयीनं तिनं ओढणीचं टोक ओलं केलं आणि माझा हात धरला.

"आधी वाच," मी म्हटलं.

"कशाला?"

"या वेळी वाच. मोठ्यानं."

तिनं वाचलं. "या विद्यार्थिनीने कसलीही विनंती केली नव्हती. मी शून्य भरण्याच्या आधीच तिचे काम माझ्या कपाटात होते आणि मी ते मोजलेले होते. शून्य मी माझ्या सवयीने टाकले. चूक माझी होती. नोकरीच्या भीतीने मी कारण खोटे निवडले. गिरीश फणसे."

वाचून झाल्यावर तिनं मोबाइल खाली केला. म्हैस शेपटीनं माशा हाकलत होती.

"हे तुमच्या ऑर्डरला नडेल ना?"

"नडू दे."

"'भीतीने' काढायचं का?"

"राहू दे ते."

तिनं माझा अंगठा पुसला, फुंकर मारली, मशीनवर दाबून धरला. टुंग वाजलं. स्क्रीनवर तीन ओळी एकाखाली एक आल्या. शून्य. सेहेचाळीस, विद्यार्थ्याच्या विनंतीवरून. आणि माझं निवेदन.

"म्हणजे वरच्या दोन जाणार नाहीत," ती म्हणाली.

"नाही. तिन्ही राहणार."

"मंडीदीपचे साहेब बघतील?"

"त्यांच्या जागा भरल्या, रेवती. पुढच्या वर्षी कुणी उघडलं तर दिसेल. खाली सरकवून बघितलं तर."

तिनं मान हलवली. मोबाइल माझ्या हातात दिला, बादली उचलली. दोन पावलं जाऊन थांबली, पण वळली नाही.

"काका, त्या दिवशी साहेबांनी पेन उघडलं होतं ना," ती म्हणाली, "तेव्हा बोलला असतात तर एवढं लिहावं लागलं नसतं."

मग ती दूध घेऊन घरात गेली. मी दगडावर बसून राहिलो. थोड्या वेळानं आतून झाकणावर चौकोन ठेवल्याचा आवाज आला.